व्हायलवर 'मानवी अर्जिनेज' आणि खाली 'स्रोत: ई. कोलाय', हे कसं काय?

तुम्ही लातूरहून विचारलंय की प्रोजेक्टसाठी मागवलेलं मानवी अर्जिनेज-१ (अर्जिनिन हे अमिनो आम्ल तोडून युरिया बनवणारं एन्झाइम) ई. कोलाय या बॅक्टेरियात बनलेलं असेल तर त्याला मानवी का म्हणायचं, आणि त्याच व्हायलमधल्या एन्झाइमने बनणाऱ्या युरियाचं रीडिंग दोन आठवड्यांत निम्म्यावर का आलं. नांदेडला एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी हे एन्झाइम स्वतः बनवलंय आणि विकतही घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'मानवी' हा शब्द पाककृतीबद्दल आहे, चुलीबद्दल नाही. आपल्या यकृतात अर्जिनेज-१ साठी जो जनुक आहे त्याची इंट्रॉन (प्रोटीनच्या क्रमात न येणारे मधले तुकडे) काढलेली प्रत प्लाझमिडमध्ये, म्हणजे बॅक्टेरियातल्या छोट्या गोल डीएनएमध्ये, बसवतात, कारण बॅक्टेरियाला इंट्रॉन कापून टाकता येत नाहीत. मग आयपीटीजी हे जनुक चालू करणारं रसायन घातलं की ई. कोलाय ते प्रोटीन बनवायला लागतो. ३२२ अमिनो आम्लांचा क्रम तोच, जो तुमच्या-माझ्या यकृतात आहे. वेगळं काय, तर बहुतेक वेळा टोकाला जोडलेले ६ हिस्टिडिन. त्यांच्यामुळे प्रोटीन निकेलच्या कॉलमला चिकटतं आणि इमिडॅझोलने सोडवून घेता येतं.

सगळीच मानवी हायड्रोलेज (पाण्याच्या मदतीने बंध तोडणारी एन्झाइम) अशी सोपी नसतात. गोशे या आनुवंशिक आजारात जे ग्लुकोसेरेब्रोसिडेज एन्झाइम कमी पडतं, त्याच्यावर साखरेच्या साखळ्या लागतात. ई. कोलाय त्या लावत नाही, म्हणून १९९४ साली मंजूर झालेलं त्याचं औषध हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींत बनवावं लागलं. अर्जिनेज मात्र पेशीच्या आतल्या द्रवात काम करतं, त्याला ती साखर लागत नाही. त्याला लागतं ते मँगनीज: प्रत्येक उपघटकाच्या खाचेत दोन आयन, आणि असे तीन उपघटक मिळून एक एन्झाइम. ते दोन आयन पाण्याचा रेणू धरून अर्जिनिनवर सोडतात, बंध तुटतो, ऑर्निथिन आणि युरिया तयार होतो. माझे वडील जिंतूरकडे कापूस करतात. "तुमच्या त्या बाटलीत नेमकं काय होतं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी गोठ्यातल्या युरियाच्या पोत्याकडे बोट दाखवलं. रेणू खरोखर तोच आहे.

पण क्रम बरोबर म्हणजे घडी बरोबर असं नाही. पहिल्यांदा मी कल्चर ३७ अंशांवर इंड्यूस केलं, म्हणजे आयपीटीजी घालून प्रोटीन बनवायला लावलं. प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ३५ किलोडाल्टनपाशी, म्हणजे अर्जिनेजच्या वजनापाशी, असा जाड बँड आला की आम्ही खूश झालो. मग सेंट्रिफ्यूज करून पाहिलं तर सगळं प्रोटीन खालच्या पेलेटमध्ये, वरच्या द्रवात जवळपास काहीच नाही. बॅक्टेरियाने घाईत बनवलेलं प्रोटीन नीट दुमडलंच नव्हतं, गोळा होऊन बसलं होतं. पुढच्या वेळी इंडक्शन १८ अंशांवर रात्रभर ठेवलं, तेव्हा वरच्या द्रवात एन्झाइम मिळालं. म्हणून लेबलवर किती मायक्रोग्रॅम आहे यापेक्षा दर मिलिग्रॅमला किती युनिट अ‍ॅक्टिव्हिटी आहे ते आधी बघा.

आता तुमचं रीडिंग. माझा पहिला संशय ईडीटीए या धातू पकडून ठेवणाऱ्या रसायनावर आहे. कुणीतरी सवयीने बफरमध्ये घातलं असेल तर ते मँगनीज ओढून घेतं, आणि एन्झाइम जागेवर असूनही रिकामं राहतं. दुसरा संशय व्हायल पुन्हा पुन्हा वितळवून परत गोठवण्यावर. आल्याबरोबर १०-१० मायक्रोलिटरच्या नळ्या करून ठेवायच्या आणि एक नळी एकदाच वापरायची.

आणि आपल्याकडे उन्हाळा विसरून चालत नाही. एका मे महिन्यात आमचं पार्सल शनिवारी नांदेडला पोचलं आणि सोमवारपर्यंत कुरिअरच्या गोदामात पडून राहिलं. थर्माकोलचा डबा उघडला तर कोरड्या बर्फाचा खडासुद्धा नव्हता, जेल पॅक हाताला कोमट लागत होते. त्या एन्झाइमवर एका मुलीचं पूर्ण सत्र अवलंबून होतं, आणि मला तिला तोंड दाखवायला जड गेलं. तेव्हापासून मार्च ते जून आम्ही पार्सल सोमवारीच पाठवायला सांगतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण प्रोजेक्टमध्ये मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशी असतील तर महत्त्वाची आहे. ई. कोलायच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य एन्झाइमसोबत येऊ शकतं, आणि पेशी त्यालाच प्रतिसाद देतात. थोडं एन्झाइम उकळून वेगळ्या पेशींवर घालून बघा. उकळल्यावर एन्झाइम मरतं, एंडोटॉक्सिन टिकतं. तरीही पेशी तशाच उसळल्या तर तो परिणाम अर्जिनेजचा नव्हे. व्हायलवर 'फक्त संशोधनासाठी' लिहितात त्याचं हेही एक कारण: माणसाला द्यायच्या औषधाच्या शुद्धतेच्या चाचण्या या मालावर झालेल्या नसतात.

व्हायलमध्ये थोडं शिल्लक असेल तर ७.५ पीएचच्या ट्रिस बफरमध्ये १० मिलिमोलर मँगनीज क्लोराइड घालून ५५ अंशांवर १० मिनिटं ठेवा. फॉस्फेटचं बफर नको, त्यात मँगनीज साका होऊन खाली बसतं. मग युरियाचं तेच रीडिंग पुन्हा घ्या. गुलाबी रंग पहिल्यासारखा गडद आला तर तुमचं एन्झाइम शाबूत आहे, फक्त धातू गेला होता. फिकाच राहिला तर नवी व्हायल मागवा, आणि ती सोमवारी निघेल असं बघा.