उशाशी मोबाइल होता म्हणून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमधून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडी हल्ली एक प्रश्न हमखास असतो. "ताई, या मोबाइलच्या रेडिएशननं काही होते का हो?" कुणाच्या वावराला लागून टॉवर उभा राहिलेला असतो, कुणाचं पोरगं मोबाइल छातीवर ठेवूनच झोपतं. मी उत्तर देतेच. पण या प्रश्नामागे कधी कधी दुसराच प्रश्न दडलेला असतो, हे मला एका सुनेनं शिकवलं. ओळख पटेल असे तपशील बदलून तिची गोष्ट सांगते.

वय 27. नवरा चाकणला कंपनीत, ही सासूसोबत गावी. दुसऱ्यांदा दिवस गेलेले, तिसरा महिना. झोप पार उडाली होती, म्हणून गावातली आशाताई तिला घेऊन आली. घरातला मोबाइल तिनं स्टीलच्या डब्यात घालून, झाकण लावून, वरून फडकं बांधून ज्वारीच्या कोठीवर ठेवला होता. नवऱ्याचा फोन आला की शेजारच्या पोरानं डबा उघडायचा, बोलायचं आणि हिला दारातून निरोप सांगायचा.

पहिल्या दोन भेटी मी माहितीतच घालवल्या. माझं शिक्षण विवेकनिष्ठ विचारपद्धतीतलं, म्हणजे भीतीमागचा समज खरा आहे का ते तपासून पाहण्याचं. आधी वस्तुस्थिती समोर ठेवायची, हा माझा पिंड. तिला सांगितलं, मोबाइलच्या लहरी म्हणजे रेडिओच्याच जातीच्या. एक्स-रेसारखी पेशीतली रचना तोडण्याची ताकद त्यांच्यात नसते. शरीरावर त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊब. ती फार वाढू नये म्हणून मर्यादा ठरवलेली आहे. आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून हँडसेटसाठी ती शरीराच्या वजनाच्या किलोमागे 1.6 वॅट आहे. टॉवरसाठीची मर्यादा तर आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरी 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकल्या, आणि लोकांनी तेवढंच धरून ठेवलं. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुढे 2024 मध्ये त्याच संघटनेनं करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

ती मान डोलवत राहिली. डबा मात्र कोठीवरच.

तिसऱ्या भेटीत ती सहज म्हणाली, "ताई, आता चार्जिंग लवकर उतरते."

मी म्हटलं, "उतरणारच. डब्यात सिग्नल अडतो, मग टॉवरपर्यंत पोचायला फोन जास्त जोर लावतो."

तिचा चेहरा पडला. "म्हंजे हेही माह्यानंच चुकलं?"

एरवी मी तिला धीर देऊन पुढे गेले असते. पण 'हेही' या शब्दापाशी थांबले. "आधी काय चुकलं होतं?"

बराच वेळ ती पदराचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसली. मग सांगितलं. आदल्या वर्षी दहाव्या आठवड्यात गर्भ पडला होता. नवऱ्याची रात्रपाळी संपेपर्यंत ती मोबाइल उशाशी घेऊन झोपायची. दवाखान्यातून घरी आल्यावर सासू म्हणाली होती, "रातभर थो डबडा कानाले लावून राह्यली, लेकरू कसं टिकन?" त्यानंतर घरात त्या विषयावर कोणीच बोललं नाही.

"आणि त्यात मोबाइलचा काही दोष नसेल तर?" मी विचारलं.

"मंग कायच्यानं झालं?"

त्या क्षणी मला उमगलं की ही भीती तिच्या उपयोगाची होती. मोबाइल दोषी असेल तर लेकरू जाण्याला निदान कारण तरी होतं, आणि यावेळी डबा बंद ठेवला की लेकरू वाचणार होतं. मी आकडे सांगून नेमका तोच आधार काढून घेत होते. तो सुटायचा तर आधी 'कायच्यानं'चं उत्तर द्यायला हवं होतं. म्हणून सांगितलं, लक्षात आलेल्या दर 100 गर्भधारणांपैकी 10 ते 20 अशाच जातात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यातल्या निम्म्याच्या आसपास वेळा बीजातली गुणसूत्रंच नीट जुळलेली नसतात. ते गर्भ राहतो तेव्हाच ठरलेलं असतं. आईनं उशाशी काय ठेवलं, यानं ते बदलत नाही.

ती रडली. वर्षभराचं रडणं होतं ते. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि गप्प बसले. इतक्या वर्षांच्या कामात मला जमलेली सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली, तर हे गप्प बसणं.

अशी काळजी घेऊन येणाऱ्यांना मी सांगते, काळजी घ्या, पण स्वतःला आरोपी करू नका. लांब बोलायचं असेल तर स्पीकर लावा किंवा इयरफोन घ्या. फोन वीतभर दूर गेला तरी लहरींचा जोर झपाट्यानं उतरतो. रेंजची एकच काडी दिसत असेल तर अंगणात येऊन बोला. आपल्या फोनचा किलोमागे वॅटचा आकडा पाहायचा असेल तर *#07# दाबा, बहुतेक हँडसेटवर तो दिसतो. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली नको, पण त्याचं कारण त्याची गरमी. आणि घरातल्यांनो, ज्या बाईचं लेकरू गेलं आहे तिच्यापुढे कारणं शोधू नका. दुःखाच्या भरात बोललेलं एक वाक्य ती वर्षभर एकटी वागवते.

पाचव्या भेटीला मी सासूलाही बोलावलं. गुणसूत्रांचं सगळं तिनं नीट ऐकून घेतलं. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "मले तरी कोठं माहीत होतं बाई. मायेही दोन असेच गेले. तवा तं मोबाइल नोयता."

सून वळून तिच्याकडे बघतच राहिली. हे तिला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. सासूनं पिशवीतून मोबाइल काढला, सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, "लाव त्याले फोन. थो मोठा आवाज कर, मीबी बोलतो."