कुणी न वाजवलेलं वाजवायचंय

भुसावळहून रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलंय: ‘मुलगी अकरावी सायन्सला. पियानोची ट्रिनिटीची (लंडनच्या संगीत-परीक्षा मंडळाची) सातवी ग्रेड झाली. आता सगळं सोडून अल्कां नावाच्या कुणाची तरी पानं डाउनलोड करते आणि घरच्या कीबोर्डवर झगडत बसते. म्हणते, कुणी न वाजवलेलंच वाजवणार. यात करिअर आहे, की हे खूळ आहे?’

नमस्कार भाऊ,

खूळ हा शब्द आधी बाजूला ठेवा. शार्ल-व्हालांतँ अल्कां (१८१३–१८८८) हा पॅरिसचा पियानोवादक आणि रचनाकार, प्रसिद्ध रचनाकार शोपँचा मित्र. त्याच्या ओपस ३९मधले (म्हणजे ३९ क्रमांकाच्या संग्रहातले) बारा एत्यूद, म्हणजे तंत्राची कसोटी पाहणाऱ्या सराव-रचना, १८५७ साली छापून आले. त्यातले आठवा, नववा आणि दहावा मिळून एकट्या पियानोचा कॉन्चेर्तो होतो; एरवी कॉन्चेर्तो ही ऑर्केस्ट्रासोबत एका वादकानं वाजवायची रचना. म्हणजे ऑर्केस्ट्राही दहा बोटांत आणि सोलोही त्याच दहा बोटांत, तेही पाऊण तास! माणूस सुमार होता म्हणून मागे पडला नाही. तो वर्षानुवर्षं मैफलींपासून दूर राहिला आणि त्याचं लेखन फार थोड्या हातांना पेललं. पुढे १९६०च्या दशकात रेमंड लेवेनथाल या अमेरिकन वादकानं रेडिओवरून, मैफलींतून अल्कां लोकांपुढे आणला आणि त्याच्या निवडक रचना संपादित करून छापल्या. लेवेनथालचं स्वतःचं नाव झालं ते त्यामुळेच.

आपल्या देशातही असं झालंय. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार स्वतः पियानो शिकलेले. लंडनमध्ये उतारवयात दुर्लक्षित झालेल्या मेटनर या रशियन रचनाकाराच्या ध्वनिमुद्रणांना १९४०च्या दशकात त्यांनी पैसा दिला. मेटनरनं आपल्या रचना स्वतः वाजवून ठेवल्या, त्या आज ऐकायला मिळतात.

तेव्हा वाट आहे. पण या वाटेवर एकट्या अल्कांच्या बळावर पोट भरत नाही, हे तिला आत्ताच कळलेलं बरं. परदेशी कॉन्झर्व्हेटरीच्या (संगीत महाविद्यालयाच्या) ऑडिशनला साधारणपणे बाखची रचना, मोझार्ट-बेथोव्हनच्या क्लासिकल काळातला एखादा सोनाटा, एक एत्यूद आणि एक रोमँटिक काळातली (एकोणिसाव्या शतकातली) रचना मागतात. तिचा अल्कां बसेल तो या शेवटच्या दोन जागांत. बाख कच्चा राहिला, तर तिथवर परीक्षक ऐकतीलच असं नाही. रोजची मिळकत शिकवण्यातून, गायक-व्हायोलिनवादकांची साथ करण्यातून येते. आणि साथीला लागतं समोर ठेवलेलं पान बघताक्षणी वाजवणं. अनोळखी स्वरलिपी रोज उलगडत बसणाऱ्या तुमच्या मुलीला त्याची सवय आपोआप लागतेय. मला तिचं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

कॉन्चेर्तो मात्र आत्ता नको. तिच्या गुरूंना विचारून अल्कांच्याच ओपस ६३मधले छोटे तुकडे घेऊ द्या. एकेक पान-दोन पानांचे आहेत, पण त्याची सगळी तऱ्हा त्यांत सापडते. मनगट किंवा कोपर दुखलं, तर त्या दिवशी वादन बंद. ‘अजून पाच मिनिटं’ म्हणून रेटायचं नाही. शूमान या जर्मन रचनाकाराच्या उजव्या हाताचं बोट कायमचं निकामी झालं आणि त्याला वादक व्हायचं स्वप्न सोडावं लागलं.

खरी काळजी कीबोर्डची आहे. हलक्या पट्ट्यांवर बोटांत ताकद येत नाही, आणि खऱ्या पियानोसमोर बसल्यावर हात गोंधळतो. निदान ८८ पट्ट्यांचा, वजनदार (खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. जुना लाकडी पियानो कुणी स्वस्तात देत असेल, तर घाई करू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड सुकून भेगा पडतात, आणि ट्यूनर मुंबई-पुण्याहून बोलवावा लागतो. त्याचं भाडं धरूनच हिशोब करा. महिन्यातून एकदा मुंबईला नेऊन चांगल्या पियानोवर दोन तास बसवता आलं तर उत्तम. तुम्ही रेल्वेतले, पासचा उपयोग होईल.

बारावी नीट होऊ द्या, तोवर आठवी ग्रेडही होईल. मग तिनं स्वतः निवडलेल्या चार रचना, त्यातली एक विस्मरणात गेलेली, अशी तयारी करून मला रेकॉर्डिंग पाठवायला सांगा. पुढचं मग तिच्याशीच बोलेन.