रोज नवं गाणं, पण खुर्ची तीच

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सतरा वर्षांचा, मागच्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. दिवसाचे सहा-सात तास नवीन गाणी शोधण्यात जातात, वहीत साडेतीन हजारांवर नोंदी, प्रत्येकीपुढे लाल पेनाने सुलटा नाहीतर उलटा त्रिकोण, आणि एकदा ऐकलेलं गाणं सहसा पुन्हा लावत नाही. डॉक्टर म्हणाले होते की या मुलांना तेच ते लागतं, बदल चालत नाही. मग याला रोज नवीन कसं काय लागतं? निदान चुकलं, की हे मोबाइलचं व्यसन आहे आणि फोन काढून घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. वय ४२, तुमच्यासारखाच नागपूरचा, निदान पस्तिसाव्या वर्षी झालं आणि माझ्या यादीत आज सकाळपर्यंत ११,८६४ नोंदी आहेत. तेवढ्याच अधिकारात बोलतो. फोन काढून घेऊ नका. बाकीचं सावकाश सांगतो.

आधी निदानाचं. बरेच डॉक्टर ज्या अमेरिकन पुस्तकाचा आधार घेतात त्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे २०१३ च्या आवृत्तीत, वागण्याच्या आणि आवडींच्या भागात चार गोष्टी दिल्या आहेत. त्याच त्या हालचाली किंवा बोलणं, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एखाद्या विषयाची कमालीची तीव्र ओढ, आणि आवाज-उजेड-स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं. या चारपैकी दोन असल्या की तो भाग भरतो. तेव्हा 'तेच ते लागणं' प्रत्येकात दिसायलाच हवं असा नियम नाही. पण माझा अंदाज विचाराल तर तुमच्या मुलात तेही असणार. तुम्ही गाण्यांकडे पाहून राहिल्या, जरा गाण्याच्या आजूबाजूला पाहा.

माझंच सांगतो. रात्री साडेनऊ. वेताची खुर्ची, जिचा डावा हात उसवलाय. तेच हेडफोन, डावीकडे पाण्याचा गडवा, दिवा बंद. आधी यादीत क्रमांक टाकायचा, मग गाण्याचं नाव, कुठलं, किती मिनिटांचं. हे सगळं लिहून झाल्याशिवाय गाणं सुरू करायचं नाही. ऐकताना दुसरं काहीही नाही. संपलं की एकच शब्द लिहायचा. मागच्या दिवाळीत पाहुणे आले म्हणून ती खुर्ची हॉलमध्ये नेली, तर तीन रात्री मला एक गाणं ऐकता आलं नाही. दुसऱ्या खुर्चीवर बसून पाहिलं, नुसता आवाज येत राहिला. माझ्या दिवसात नवीन असतं ते एवढंच, चार-पाच मिनिटांचं. त्याच्या चारही बाजूंनी सगळं जुनं, जागच्या जागी.

आणि गाणं हे फार सभ्य नवीन आहे, ताई. ४ मिनिटं १२ सेकंद म्हणून आधीच लिहिलेलं असतं आणि ते तेवढ्यातच संपतं. नकोसं झालं तर बंद करता येतं, त्याला राग येत नाही. नवीन माणूस घरी आला की तो कधी जाणार ते कुठेच लिहिलेलं नसतं.

हे खूळ (आमच्या घरी हाच शब्द आहे, प्रेमानं) मला दोन ठिकाणांहून लागलं. एक, आजोबा. ते तुकडोजी महाराजांच्या भजन मंडळात खंजिरी वाजवायचे. दुसरं, रेडिओ. १९८८ साली आकाशवाणीची रात्रभराची राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू झाली, ती आपल्या नागपूरजवळच्याच एक हजार किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून, १५६६ किलोहर्ट्झवर. मला लहानपणापासून झोप कमी. सगळं घर झोपलं की मी रेडिओ उशीखाली घेऊन पुढे काय लागेल याची वाट पाहायचो आणि सकाळी वहीत उतरवायचो. कितीदा तरी नाव ऐकू यायचं नाही, मग 'बाई, सारंगी, रडकं नाही' असं काहीतरी लिहिलेलं असायचं. डिसेंबर २०१८ मध्ये ती सेवा बंद करायचा निर्णय झाला तेव्हा मी ऑफिसातून अर्धी सुटी टाकून घरी आलो होतो. साहेबांना कारण सांगितलं पोटाचं.

मग कॅसेटचे दिवस. नागपूरच्या महाल भागात एक दुकानदार आपण दिलेल्या यादीतली गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचा. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. बाकीचे लोक दहा-बारा गाण्यांची नावं देऊन मोकळे व्हायचे. मी बेरीज करून न्यायचो, साइड ए २९ मिनिटं ४० सेकंद, साइड बी २९ मिनिटं ५५ सेकंद, म्हणजे शेवटी कोरी फीत उरणार नाही आणि कुठलं गाणं अर्ध्यात तुटणार नाही. एकदा त्याने मनानेच पहिल्या बाजूचं तिसरं आणि दुसऱ्या बाजूचं पाचवं अदलाबदल केलं. पहिल्या बाजूला साडेतीन मिनिटं कोरी राहिली आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं अंतऱ्यातच कापलं गेलं. मी दुकानातच रडलो, चौदाव्या वर्षी. त्यानं चहा पाजला आणि पुन्हा भरून दिली, पैसे न घेता. तेव्हापासून माझी चिठ्ठी आली की तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, "थांबा जी, सीएचं काम आलं."

आता शोधणं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला नुसतं बोट फिरताना दिसतं. चार वर्षांपूर्वी आजोबांची खंजिरी माळ्यावर सापडली. लाकडी कडं, एका बाजूला चामडं, कड्यात झांजा. वाटलं, हे वाद्य आणखी कुठं असेल? तर दक्षिणेत कर्नाटक संगीतात कंजिरा. त्याला पूर्वापार घोरपडीचं कातडं लावायचे आणि कार्यक्रमाआधी ते पाण्यानं ओलं करून आवाज खाली आणतात. मग कोणीतरी डफाबद्दल लिहिलेलं सापडलं, इराणातला आणि कुर्दी सूफी लोकांचा दफ, त्याच्या कड्याच्या आत लोखंडी कड्या असतात. तिथून इजिप्तचा रिक. तिथून उडी ब्राझीलला, पांदेइरो, जो सांबात वाजतो. मग इटलीच्या दक्षिणेचं टोक, सालेंतो. तिथं कोळी चावला असं मानून बायांना तंबुरेल्लो या तिथल्या खंजिरीच्या ठेक्यावर तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस नाचवायचे, तोच त्यावरचा उपाय. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला आईला उठवून सांगायचं होतं. आठ महिने मी फक्त कडं आणि चामडं ऐकत होतो. त्या आठ महिन्यांच्या ६१२ नोंदी आहेत. त्यातली पुन्हा किती ऐकली? बहुतेक तीस. तरीही एकही वाया गेली असं मला वाटत नाही. एक नोंद दुसरीला कुठे चिकटते हे दिसलं की डोक्यात खटकन बसतं, मजा त्यात आहे. लोणच्याच्या बरण्या भरणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही की सगळं लोणचं तू खाणार का म्हणून.

दायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी २००५ मध्ये याबद्दल एक मांडणी केली, तिला मोनोट्रॉपिझम म्हणतात. थोडक्यात, इतरांचं लक्ष एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी थोडं थोडं सांडलेलं असतं, आमचं एका वेळी एकाच वाटेनं, पण पूर्ण जोरानं जातं. त्या वाटेवरून कोणी अचानक ओढून काढलं तर अंगाला लागल्यासारखं होतं. म्हणून जेवायला बोलवताना "बंद कर ते" म्हणू नका. "हे संपलं की ये" म्हणा. गाणं संपतंच.

तुम्ही आणखी एक लिहिलंय, की मारबतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या डीजेला कान झाकून रडकुंडीला येतो आणि घरी मात्र कानात मोठ्यानं लावून बसतो, म्हणजे नाटक करतो. नाटक नाही करत. डीजेची कळ त्याच्या हातात नसते, हेडफोनची असते. आवाज किती यापेक्षा कधी येणार आणि कधी थांबणार हे माहीत असणं आम्हाला पुरतं. मलाही कुकरची शिट्टी सोसत नाही, पण नगारा दोन तास चालतो.

मोठ्या आवाजाची काळजी मात्र रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे, आणि ९० वर गेलं की फक्त चार तास. सहा-सात तास रोज म्हणजे आठवड्याचे ४२ ते ४९ होतातच. त्यात आपल्याकडे एप्रिल ते जून कूलर. त्याची घरघर झाकायला आपण नकळत आवाज दोन घर वाढवतो आणि पावसाळ्यात कमी करायला विसरतो. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या, म्हणजे आवाज कमी ठेवूनही ऐकू येतं. माझ्या यादीत काही नोंदींपुढे 'कू' आहे. कूलर चालू असताना ऐकलं, हिवाळ्यात पुन्हा ऐकणे.

आता फोन काढून घेण्याबद्दल. माझ्या दहावीला आईनं वॉकमन आणि सगळ्या कॅसेट गोदरेजच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या, परीक्षा झाल्यावर मिळेल म्हणून. हेतू वाईट नव्हता. पहिल्या आठवड्यात मी रागावलो, दुसऱ्यात बोलणं बंद झालं, तिसऱ्यात जेवण. अभ्यास तर नाहीच झाला. तो वॉकमन म्हणजे दिवसभर शाळेत गोळा झालेला गोंगाट रिकामा करायची मोरी होती. मोरी बंद केल्यावर पाणी घरातच साचणार. काही ठिकाणी शिकवतात की मुलाच्या आवडीची वस्तू आधी काढून घ्यायची आणि नीट वागलं की थोडी थोडी द्यायची. मला हे पटत नाही, आणि ज्याच्यावर हा प्रयोग झालाय तो म्हणून सांगतो, त्यानं मी फक्त लपवायला शिकलो.

आणि हे जरा थांबून वाचा. २०१७ च्या जूनपासून पुढच्या जानेवारीपर्यंत माझ्या यादीत एकही नोंद नाही. ५,९०२ नंतर सात महिन्यांनी ५,९०३. तेव्हा मी एका ऑफिसात मोकळ्या हॉलमध्ये बसायचो, चाळीस माणसं, सतत फोन, आणि दिवसभर सगळ्यांसारखं हसून वागायचो. घरी आलो की भिंतीकडे तोंड करून पडायचो. हेडफोन लावायचीही ताकद नव्हती. आई शेजारी सांगून राहिली होती, "आता पोरगा माणसात आला, गाण्याचं खूळ सुटलं." सात महिन्यांत कोणालाही वाटलं नाही की काही बिघडलंय, कारण त्यांच्या हिशेबात मी सुधारलो होतो. ज्या डॉक्टरीणबाईंनी पुढे निदान केलं त्यांनी ती यादी मागवून घेतली आणि त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "इथं काय झालं होतं?"

तेव्हा तुमचा मुलगा सहा तास शोधतोय याची मला फारशी धास्ती नाही. शोधणं एकाएकी थांबलं, किंवा आठवडाभर एकच गाणं फिरून फिरून लागलं आणि चेहऱ्यावर काहीच नसलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. एक गाणं पन्नासदा ऐकण्यात एरवी काही वावगं नाही, पण याची चाल ती नाही, म्हणून म्हणतो.

बाकी रोजचं. पाण्याची बाटली त्याच्या हाताशी ठेवा, आम्हाला तहान उशिरा कळते आणि नागपूरच्या मे महिन्यात ते परवडत नाही. गाण्यांवर खर्चायला महिन्याची एक रक्कम ठरवा, ती कुठल्याही शिक्षेत कापू नका. झोपेचं त्याच्याशी बोलून ठरवा, वेळेपेक्षा नोंदींच्या संख्येवर जास्त जमेल. आणि "एवढं कळतं तर आरजे हो" असं म्हणणाऱ्या काकांना चहा देऊन वाटेला लावा.

त्याला बाहेर न्यायचं असेल तर ॲपमध्ये नसलेल्या गाण्यांच्या मागे न्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांसोबत भीमगीतांच्या सीडी मिळतात. वामनदादा कर्डकांची गाणी किती गायकांनी किती चालींत गायली आहेत ते तिथं कळतं. गर्दी चढायच्या आधी, सकाळी लवकर जा, आणि परत यायची वेळ त्याला आधीच सांगून ठेवा. झाडीपट्टीची दंडार, आपल्याकडची खडी गंमत ही लोकनाट्यं, ताजबागच्या उर्साची कव्वाली, यातलं बरंचसं कुठल्याच यादीत नाही. म्युझिकब्रेन्झ म्हणून एक खुली सूची आहे, तिथं कोणीही नोंद घालू शकतं. मी आजोबांच्या पेटीतल्या भजनांच्या कॅसेट तिथं घालून राहिलोय, वेष्टणावरचा प्रत्येक शब्द तपासून. त्याला आवडेल असं वाटतं. नाही आवडलं तर सोडून द्या, हा काही गृहपाठ नाही.

त्रिकोणांबद्दल तो सांगत नाही म्हणालात. "हे काय आहे, का काढतोस" असं विचारलं तर मीही सांगितलं नसतं. एखाद्या रात्री त्याच्या ठरलेल्या वेळेला जाऊन जमिनीवर बसा आणि म्हणा, उलट्या त्रिकोणाचं एक लाव. मध्ये बोलू नका, संपल्यावर 'छान' म्हणायचीही गरज नाही. मग सुलट्याचं एक. दोन-चार दिवसांत तुम्हालाच फरक ऐकू येईल कदाचित. आला तर मला नक्की कळवा, कालपासून डोक्यात तेच घोळून राहिलंय.