बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनवर हॉर्मोनवालं औषध आलंय म्हणे, ते मॅजिक मशरूमसारखंच असतं का?

नाही, दोन्ही पूर्ण वेगळी आहेत, मशरूममधलं सायलोसायबिन मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या रिसेप्टरवर (पेशीवर ते रसायन जिथे चिकटतं ती जागा) काम करतं आणि भास होतात, तुम्ही म्हणताय ते झुरानोलोन असणार, त्यात ती भानगड नाही. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन भरपूर बनतं, ते मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करून डोकं शांत ठेवतं, आणि बाळ झालं की धाडकन उतरतं, तर ही गोळी त्याचीच नक्कल. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केली. याच आजारावरचं आधीचं औषध ब्रेक्सानोलोन सलग ६० तास सलाईनमधून द्यावं लागायचं (तान्हं बाळ सोडून कोण जाणार!), ही मात्र १४ दिवस रोज संध्याकाळी तेलतुपाच्या खाण्यासोबत घ्यायची. फक्त जादू समजू नका, ट्रायलमध्ये १५व्या दिवशी डिप्रेशनचा स्कोअर औषधवाल्यांचा १५.६ ने उतरला तर प्लासिबोवाल्यांचाही (म्हणजे औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांचाही) ११.६ ने उतरला होता. शिवाय गुंगी येते, डोस घेतल्यावर किमान १२ तास गाडी चालवायची नाही असं लेबलवरच ठळक छापलंय, आणि अंगावर पाजत असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.