डेडलिफ्टनंतर डोळ्यांपुढे अंधारी येते, भोवळ आल्यासारखं होतं. काय करावं?

तू लिहिलंयस की वय २४, जिमला लागून चार महिने झाले, डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार कमरेपर्यंत उचलायचा, तिसरा-चौथा सेट संपला की डोळ्यांपुढे काळं येतं, कान बंद होतात आणि अर्ध्या मिनिटात सगळं जागेवर येतं. ट्रेनर म्हणतो अशक्तपणा आहे, पावडर घे. घरचे म्हणतात जिम सोड. माझं म्हणणं, पावडर घेऊ नकोस आणि जिमही सोडू नकोस. भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

'घरचे म्हणतात जिम सोड' हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. कारण मी ती सोडली होती. आठ महिने. चुकीच्या कारणासाठी.

मी मिरजेची. पतसंस्थेत कॅशियर, दिवसभर खुर्चीत. २०१८ साली, अडतिसाव्या वर्षी, पाठ दुखते म्हणून सांगलीतल्या एका जिमला जायला लागले. सकाळी साडेसहाची बॅच, बायका आम्ही चौघी. बाकी तिघी ट्रेडमिलवर चालायच्या. मला बार आवडला. मागच्या आठवड्यात जमिनीवरून हलत नव्हतं ते वजन या आठवड्यात गुडघ्यापर्यंत येतं, पुढच्या आठवड्यात कमरेपर्यंत, आणि त्यात कुणाचं मत विचारावं लागत नाही. दोन महिन्यांत पाठ दुखायची थांबली.

नवरात्राचे उपवास मी लग्नाच्या आधीपासून धरते. त्या वर्षीही धरले. सातवी माळ होती. आदल्या रात्री वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी, सकाळी कपभर चहा, बाकी पोटात काही नाही. बारवर ३५ किलो. तिसऱ्या सेटचा आठवा रॅप (एकदा उचलून ठेवणं म्हणजे एक रॅप, असे सलग काही रॅप म्हणजे सेट) झाला, बार खाली ठेवला आणि ताठ उभी राहिले. आधी कानात शिट्टी वाजायला लागली. मग आरशातली ट्यूबलाइट लांब लांब जायला लागली, आणि घाम फुटला, तोही गार. वाटलं, दोन मिनिटं उभं राहिलं की जाईल. त्यानंतर आठवतंय ते गालाखालचं रबराचं मॅट.

इथून पुढचं नीट वाच, कारण हे तुझ्याही जिममध्ये होऊ शकतं. दोघींनी काखेत हात घालून मला उचललं आणि खुर्चीत ताठ बसवलं. कुणीतरी तोंडाला पाण्याची बाटली लावली. मी पुन्हा गेले, खुर्चीतल्या खुर्चीतच, आणि पाणी श्वासनलिकेत गेलं. खोकून खोकून जीव अर्धा झाला. माणूस भोवळ येऊन पडतो तेव्हा मेंदूला रक्त कमी पडलेलं असतं. आडवं झालं की डोकं आणि हृदय एका पातळीत येतात, रक्त पोचतं, शुद्ध येते. पडणं हाच शरीराने केलेला इलाज असतो, आणि आपण प्रेमापोटी त्या माणसाला उभा करतो! आडवंच राहू द्यायचं, पाय बाकावर ठेवून उंच करायचे, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. हे प्रत्येक जिमच्या भिंतीवर लिहिलेलं असायला हवं. तिथे मी आजवर फक्त पिळदार दंडांची चित्रं पाहिली आहेत.

ट्रेनर म्हणाला, "ताई, तुम्हाला वजन झेपायचं नाही, तुम्ही झुंबा करा."

संध्याकाळी घरी कळलं. आमचं एकत्र कुटुंब. ताटं वाढलेली असताना मोठे दीर म्हणाले, "बायकांचं शरीर वजनासाठी नसतं. अंग बाहेर येईल एखाद्या दिवशी, मग कळेल." अंग म्हणजे गर्भाशय. जाऊबाई खाली बघत वाढत राहिल्या, मिस्टर गप्प. मीही गप्प. आजही माझा राग दिरांपेक्षा माझ्या त्या गप्प बसण्यावर जास्त आहे. दुसऱ्या दिवसापासून जिम बंद.

आता बघ. जिम बंद, बार बंद, आणि चक्कर मात्र चालूच. गच्चीवर कपडे वाळत घालताना यायची. पतसंस्थेचा एक जिना चढला की धाप लागायची, छातीत धडधडायचं. मग तो दोष कुणाचा? आठ महिन्यांनी एका बाई डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, पाळी किती दिवस असते, दिवसाला किती पॅड लागतात? मी सांगितलं, सात-आठ दिवस, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी बदलावं लागतं. "आणि हे किती वर्षं?" दोन वर्षं. मला वाटायचं चाळिशी आली की असंच असतं, आईचंही असंच होतं. सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, केली. हिमोग्लोबिन ८.६. बाईचं १२ च्या खाली असलं की पंडुरोग, म्हणजे रक्त कमी, असं धरतात. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, साधी, फायब्रॉइड.

म्हणजे ३५ किलोंनी मला पाडलंच नव्हतं. दोन वर्षं अंगावरून जाणाऱ्या रक्ताने पाडलं होतं. बार फक्त त्या दिवशी हातात होता. आणि त्या दिवशी पडले नसते तर मी आणखी किती वर्षं 'असंच असतं' म्हणत जिने चढले असते कुणास ठाऊक.

पाळीचं औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, शौचाला काळं होतं त्याला घाबरायचं नाही. आकडा १२ वर आला म्हणून लगेच बंदही करायची नाही, साठा भरायला पुढे काही महिने लागतात. सहा महिन्यांनी १२.३ आलं. मी परत जिमला गेले, दुसऱ्या. आज सेहेचाळिशीत ८० किलोंचा डेडलिफ्ट मारते, पाचचे तीन सेट. अंग जागेवर आहे.

तू म्हणशील, मावशी, मला पाळी येत नाही. खरं आहे. तुझं कारण बहुतेक वेगळं आहे. सेट संपल्यावर येते आणि अर्ध्या मिनिटात जाते म्हणजे मला तरी ते दम रोखण्याचं वाटतं. जड उचलताना आपण दम छातीत कोंडतो आणि पोट घट्ट करतो. त्याने पाठीच्या मणक्याला आधार मिळतो, ते चूक नाही. पण छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, आणि त्याच वेळी आवळलेल्या स्नायूंमुळे रक्तदाब भयंकर चढतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली पाच शरीरसौष्ठवपटूंच्या हाताच्या धमनीत नळी घालून हे मोजलं होतं. दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी ३२०/२५० भरली, आणि एकाची तर ४८०/३५० च्या वर गेली. आपला १२०/८० असतो. आता बार खाली ठेवून तू तो दम भसकन सोडतोस. कोंडलेला दाब एकदम जातो, रक्तदाब काही सेकंद धाडकन उतरतो. त्यात तू वाकलेला असतोस तो ताठ होतोस, पायांच्या मोठ्या स्नायूंत रक्त साठलेलं असतं, आणि आरशासमोर स्तब्ध उभा राहतोस. अंधारी येणारच.

म्हणून एका दमात चार-पाच रॅप ओढू नकोस. प्रत्येक रॅपला बार जमिनीवर टेकव, दम शीळ घातल्यासारखा हळू सोड, नवा घे, मग उचल. वजन हलकं असेल तर कोंडायची गरजच नाही, उचलताना सोडत जा. सेटच्या आधी भात्यासारखे भराभर दहा श्वास घेणारी मुलं मी बघते. त्याने ताकद येत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर लवकर येते. सेट संपला की उभा राहू नकोस, चाल. पोटऱ्या हलल्या की पायातलं रक्त वर चढतं. बेंचवरून उठताना आधी बस, मग उभा राहा. फ्रंट स्क्वॉटला (बार पुढून धरून उठाबशा) बार गळ्यावर रुतत असेल तर तो खांद्यांवर घ्यायला शिक, मानेच्या धमनीवर दाब आला तरी भोवळ येते. कानात शिट्टी वाजली की रॅप पुरा करायचा हट्ट नको. बार ठेव आणि तिथेच जमिनीवर बस. लोक बघतील. बघू देत.

खाण्याचं तुला माहीत असेलच. दीड-दोन तास आधी काहीतरी पोटात हवं, नाहीतर निदान एक केळं, मूठभर शेंगदाणे-गूळ. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पंखा गरम हवाच फेकतो, तेव्हा नुसत्या पाण्याने भागत नाही, मीठ घातलेलं ताक बरं. उपवास मी अजूनही धरते. फक्त त्या नऊ दिवसांत बार हलका ठेवते. उपास सोड म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं नाही, बार सोड म्हणणाऱ्यांचंही यापुढे ऐकणार नाही.

दिरांचं राहिलं. २०२१ मध्ये मीराबाई चानूने ४९ किलो वजनी गटात २०२ किलो उचलून टोकियोत रौप्य आणलं, तेव्हा भाऊजी टीव्हीसमोर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमला ५५ किलो गटात २४८ किलोंचं रौप्य जिंकलं, तेव्हा त्यांनीच गल्लीत पेढे वाटले. पेढे वाटावेत असंच यश होतं ते, मीही खाल्ले. पण मला त्यांना विचारायचंय ते इथे विचारते. घरातला भरलेला सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस, वर टाकीचं लोखंड, मिळून ३० किलोंच्या आसपास. वीस वर्षं तो मी आणि जाऊबाई ओढत स्वयंपाकघरात आणतोय, तेही कमरेत वाकून, चुकीच्या पद्धतीने. तेव्हा अंग बाहेर येत नाही? आपल्याच तालुक्यात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बायकांना कुणी सांगतं का, तुमचं शरीर वजनासाठी नाही म्हणून? वजन चालतं. आवडीने उचललेलं चालत नाही.

आणि आपल्या राज्यात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांतल्या ५४ जणींत रक्त कमी निघालं. म्हणजे जिममधल्या आम्हा चौघींत दोघी तरी. त्या ट्रेनरने झुंबा सुचवण्याआधी एकदा 'रक्त तपासलंत का' असं विचारलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते.

अंग बाहेर येण्याचा त्रास ज्यांना आधीच आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच जड उचलावं, तेवढं भाऊजींचं म्हणणं मी मान्य करते. आणि तू, वर मी 'बहुतेक' म्हटलंय ते मनावर घे. मी डॉक्टर नाही. सेट संपल्यावर नाही तर वजन हातात असतानाच शुद्ध जात असेल, छातीत दुखत असेल, धडधड होत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर यातलं काहीही करून बघत बसू नकोस. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय बारला हात लावायचा नाही. रक्तदाबाची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांग. नसलं तरी सीबीसी एकदा करच. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली निघालं तर नुसत्या गोळ्या खाऊन गप्प बसू नकोस, रक्त जातंय कुठे ते शोधायला लाव, मूळव्याध असेल, पोटात अल्सर असेल. रिपोर्ट आला की आकडा इथेच खाली लिही, मी बघेन.