वाचकांचे प्रश्न : ऑस्करची नामांकने, राष्ट्रीय पुरस्कार आणि आपल्या भागातले लघुपट

गेल्या अंकात आम्ही चित्रपट पुरस्कार आणि त्यांची नामांकने या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागविले होते. आलेल्या पत्रांत ऑस्करविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत, हे अपेक्षितच होते. परंतु राष्ट्रीय पुरस्कारांविषयी आणि गावाकडच्या मुलांनी काढलेल्या लघुपटांविषयीही काहींनी नेमके विचारले आहे. एकाच आशयाच्या पत्रांना एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : ‘अमुक भारतीय चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत’ अशी बातमी दरवर्षी येते, आमच्या शाळेत तिचे कात्रण फलकावर लागते, आणि मार्चमध्ये सोहळा होतो तेव्हा त्या चित्रपटाचे नावही कोणी घेत नाही. मग शर्यतीत होता म्हणजे नेमके काय? मराठी चित्रपटाला आजवर नामांकन का मिळाले नाही?
— एक शिक्षक, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)

उत्तर : गुरुजी, आपल्या फलकावरच्या कात्रणांत बहुधा तीन निरनिराळ्या प्रकारच्या बातम्या असाव्यात. पहिला प्रकार पात्र चित्रपटांच्या यादीचा. अमेरिकेतील ठरावीक महानगरांपैकी एखाद्या ठिकाणी सलग सात दिवस तिकीट लावून चित्रपट दाखवला आणि कागदपत्रे वेळेत भरली, की तो सर्वसाधारण विभागांसाठी (सर्वोत्कृष्ट चित्रपट, गीत वगैरे) पात्र ठरतो. २०२५ च्या सोहळ्यासाठी अशा पात्र चित्रपटांची संख्या ३२३ होती आणि त्यांत तमिळ ‘कंगुवा’सह भारतातील अनेक चित्रपट होते. या यादीत नाव येणे म्हणजे उमेदवारी अर्ज छाननीत वैध ठरणे, त्याहून अधिक काही नाही. आपल्याकडे मात्र त्यावर पहिल्या पानाचा मथळा होतो.

दुसरा प्रकार भारताच्या अधिकृत प्रवेशिकेचा. आंतरराष्ट्रीय चित्रपट या विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो. आपल्याकडे ही निवड सरकार करीत नाही. निर्माते, वितरक आणि चित्रपटगृहचालक यांच्या संघटनांचा महासंघ असलेली फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था त्यासाठी समिती नेमते. देशोदेशींच्या प्रवेशिकांतून ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतील अकादमीचे मतदार आधी पंधरा चित्रपटांची यादी काढतात आणि त्या पंधरांतून पाच उरतात. नामांकन म्हणतात ते या पाचांना, आणि बातमीचा खरा प्रकार हा तिसरा. भारताच्या वाट्याला या विभागात ते आजवर तीनदाच आले आहे : ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ आणि ‘लगान’.

मराठीपुरते बोलायचे तर ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ (२०१५) हे चित्रपट भारताची प्रवेशिका म्हणून गेले. त्यांपैकी ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, चळवळीतले कार्यकर्ते, २०२१ मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले. तिन्ही चित्रपट पाचांत पोहोचले नाहीत. त्यांच्या गुणवत्तेविषयी यावरून काही सिद्ध होते, असे आम्ही मानत नाही. मतदार सदस्य हे स्वतः काम करणारे चित्रपट व्यावसायिक असतात, समोर चित्रपटांचा ढीग असतो, आणि ज्याचे नाव आधी कानावर पडले आहे तोच ते आधी बघतात. ते नाव कानावर पडावे यासाठी अमेरिकेत वितरक लागतो, सदस्यांसाठी खेळ लावावे लागतात, व्यवसायाच्या नियतकालिकांत जाहिराती द्याव्या लागतात. ‘श्वास’च्या मंडळींना या खर्चासाठी लोकांकडून निधी गोळा करावा लागला होता, एवढे सांगितले तरी पुरे.

समितीच्या दृष्टिकोनातही खोट आहे. २०२४ मध्ये पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाला कान महोत्सवात ग्राँ प्री हा मानाचा पुरस्कार मिळाला होता आणि जगभरच्या समीक्षकांनी तो पाहिला होता. समितीने मात्र ‘लापता लेडीज’ पाठवला, आणि तो पंधरांतही आला नाही. ‘लापता लेडीज’ आम्हालाही आवडला होता. परंतु कोणता चित्रपट आपल्याला आवडला, यापेक्षा कोणता चित्रपट मतदारांपर्यंत आधीच पोहोचला आहे, हा प्रश्न समितीने स्वतःला विचारायला हवा होता. याच्या उलट उदाहरण ‘आरआरआर’चे. भारताची त्या वर्षीची प्रवेशिका ‘छेल्लो शो’ हा गुजराती चित्रपट होती. ‘आरआरआर’ सर्वसाधारण विभागांतून स्वतंत्रपणे उतरला, अमेरिकेतील वितरकाने त्याचे खेळ गाजवले, आणि मार्च २०२३ मध्ये ‘नाटू नाटू’ला सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला.

प्रश्न : सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मते वेगळ्या पद्धतीने मोजतात असे ऐकले. ती पद्धत कशी असते?
— एक वाचक, अचलपूर (जि. अमरावती)

उत्तर : आपण अमरावती पदवीधर मतदारसंघात मतदान केले असेल, तर ही पद्धत आपल्याला पाठच आहे. बहुतेक विभागांत अंतिम फेरीत ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, इतका साधा हिशेब असतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मतपत्रिकेवर मात्र दहाही नामांकित चित्रपटांना १, २, ३ असे पसंतीक्रम द्यायचे असतात. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मतांचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या गठ्ठ्यातील प्रत्येक मतपत्रिका तिच्यावरच्या पुढच्या पसंतीच्या चित्रपटाकडे जाते. ती पुढची पसंतीही आधीच बाद झालेली असेल, तर त्याच्याही पुढची बघितली जाते. कोणी तरी निम्म्याची रेषा ओलांडेपर्यंत हे चालू राहते. मतमोजणीच्या रात्री पहाटेपर्यंत आपण बाद फेऱ्यांचे आकडे ऐकतो, तोच हा प्रकार, फक्त इथे आकडे कधीच जाहीर होत नाहीत.

या पद्धतीचा परिणाम असा की, थोड्यांना अतिशय आवडलेला आणि बाकीच्यांना मुळीच न रुचलेला चित्रपट मागे पडतो, आणि बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेला चित्रपट पुढे सरकतो. निकालानंतर ‘हा कसा जिंकला?’ असा जो सूर निघतो, त्याचे एक कारण इथे सापडते. मतदारांची संख्या दहा हजारांच्या वर आहे. ज्या विभागात मत द्यायचे, त्यातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेच पाहिजेत, ही अट सर्व विभागांच्या अंतिम फेरीसाठी २०२५ मध्ये घालण्यात आली. म्हणजे तोवर ती नव्हती, हे वाचून आपल्यालाही नवल वाटेल.

प्रश्न : ‘नाळ’मधला चैत्या आमच्यासारखाच बोलतो. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच्यासोबत नामांकन कोणाकोणाला होते?
— इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, ता. लाखनी (जि. भंडारा)

उत्तर : तुझा प्रश्न छान आहे, आणि त्याचे उत्तर असे की राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नामांकने जाहीरच होत नाहीत. देशाचे विभाग पाडून नेमलेली प्रादेशिक परीक्षक मंडळे आधी आपापल्या भाषांतील चित्रपट बघतात, त्यांनी शिफारस केलेले चित्रपट केंद्रीय मंडळ बघते, आणि थेट निकाल लागतो. कोण थोडक्यात हुकले, हे बाहेर कळत नाही. आपल्या राज्य शासनाच्या मराठी चित्रपट पुरस्कारांत मात्र आधी नामांकने जाहीर करतात.

चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे अमरावतीचा. ‘नाळ’साठी (२०१८ चे पुरस्कार) त्याला, निरनिराळ्या चित्रपटांतील आणखी तिघा बालकलाकारांसह, हा पुरस्कार मिळाला होता, आणि त्याच चित्रपटासाठी सुधाकर रेड्डी यक्कंटी यांना पदार्पणातील दिग्दर्शनाचा. ‘नाळ २’साठी श्रीनिवासला तोच पुरस्कार पुन्हा मिळाला, या वेळी सोबत त्रिशा ठोसर आणि भार्गव जगताप होते, शिवाय ‘जिप्सी’साठी कबीर खंदारे आणि एका तेलुगू चित्रपटासाठी सुकृती वेणी बंद्रेड्डी. २३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात साडी नेसलेली चिमुकली त्रिशा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्याकडून पुरस्कार घ्यायला पुढे आली, तेव्हा मोठमोठ्या ताऱ्यांपेक्षा तिलाच टाळ्या जास्त पडल्या. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला नवा ‘श्यामची आई’; १९५४ मध्ये हे राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले होते.

प्रश्न : ऑस्करची बाहुली खऱ्या सोन्याची असते काय? विकता येते काय?
— एक सराफ, वरूड (जि. अमरावती)

उत्तर : आतून कांस्य, वरून २४ कॅरेट सोन्याचा मुलामा, उंची साडेतेरा इंच, वजन पावणेचार किलोच्या थोडे वर. विकायची झाल्यास आधी अकादमीलाच एका डॉलरला देऊ करावी लागते, असा करार १९५० पासून विजेत्यांकडून लिहून घेतला जातो. तेव्हा मोडीचा भाव काढण्यात अर्थ नाही. भारतीयांपैकी ती पहिल्यांदा मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये मिळालेली बाहुली २०१२ मध्ये जपणुकीसाठी अकादमीकडेच परत सोपवली.

प्रश्न : आम्ही मित्रांनी झाडीपट्टीतील नाटक कंपनीच्या एका हंगामावर पंचवीस मिनिटांचा लघुपट केला आहे. कलावंत सगळे आमच्याच भागातले आहेत. तो पुरस्कारांसाठी पाठवता येईल काय? सध्या यूट्यूबवर टाकण्याचा विचार आहे.
— तरुणांचा एक गट, देसाईगंज-वडसा (जि. गडचिरोली)

उत्तर : आधी तो विचार थांबवावा. ऑस्करच्या लघुपट विभागांचा नियम असा आहे की, पात्रता मिळण्याआधी लघुपट इंटरनेटवर किंवा दूरचित्रवाणीवर सार्वजनिकरीत्या दाखवला गेला असेल, तर तो बाद होतो. आपल्या भागातील अनेक चांगल्या कामांचा मार्ग इथेच बंद होतो, कारण चित्रीकरण संपले, संकलन झाले, की त्याच रात्री दुवा सर्वांच्या मोबाइलवर गेलेला असतो. लांबीची अडचण आपल्याला नाही. श्रेयनामावली धरून चाळीस मिनिटांपर्यंतची कृती लघुपट मानली जाते. पात्रता मिळविण्याचा परवडणारा मार्ग म्हणजे अकादमीने मान्यता दिलेल्या एखाद्या महोत्सवात ठरावीक पारितोषिक पटकावणे. बेंगळुरू आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव हा असा एक मान्यताप्राप्त महोत्सव आहे. आपला विषय माहितीपटात बसतो की कथापटात, हे प्रवेशिका भरण्याआधी ठरवावे, कारण दोन्हींचे विभाग वेगळे आहेत.

राष्ट्रीय पुरस्कारांसाठी अट निराळी आहे. तिथे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर म्हणतो त्याचे, प्रमाणपत्र लागते आणि ते पुरस्काराच्या वर्षातील १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातील असावे लागते. यूट्यूबसाठी ते लागत नसल्यामुळे मुले ते काढतच नाहीत आणि प्रवेशिकेची जाहिरात आल्यावर धावपळ करतात. अर्ज मंडळाच्या ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावरून होतो. वर्षअखेरीस गर्दी असते, म्हणून दिवाळीआधीच अर्ज करावा.

एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रेच्या निमित्ताने रात्रभर चालणारी झाडीपट्टीची ही रंगभूमी चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांबाहेर फारशी कोणी पाहिलेली नाही. २०२३ मध्ये या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ वाचकांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच वाचले असेल. तेव्हा लघुपटात वडशाचे कंपनी-कार्यालय, तारखा ठरवायला आलेले गावकरी, नाट्यप्रयोगाआधीची रंगरंगोटी हे सगळे सविस्तर येऊ द्यावे आणि पात्रांच्या तोंडची झाडीबोली तशीच ठेवावी. इंग्रजी उपशीर्षके मात्र नीट करून घ्यावीत. ती सक्तीची आहेत, आणि यंत्राकडून करून घेतलेली उपशीर्षके परीक्षकांच्या पहिल्या दोन मिनिटांतच लक्षात येतात. नाटकातील पदे वापरली असतील, तर ज्याची चाल आणि ज्याचे शब्द आहेत त्याची लेखी परवानगी आताच घ्यावी.

(पुढील अंकासाठी प्रश्न पोस्टकार्डावर पाठविले तरी चालतील, गाव व तालुका लिहावा, नाव छापले जाणार नाही.)