२००३ च्या झेनसाठी शॉकर नवे घ्यावेत की जुनेच भरून घ्यावेत?

प्रश्नकर्त्याने लिहिले आहे की त्यांची मारुती झेन २००३ सालची आहे, पुढून खडखड येते, मेकॅनिक जुन्याच शॉकॲब्सॉर्बरमध्ये (म्हणजे शॉकरमध्ये) नवे तेल भरून घ्यायला सांगतो, आणि इंदूरमध्ये नवे कुठे मिळतील, ते गॅसचे घ्यावेत की तेलाचे, ऑनलाइन मागवावेत का, हे त्यांना हवे आहे.

"भरून घ्या" हे शब्द वाचले नसते तर मी उत्तर लिहायला बसलोही नसतो. भरून घेऊ नका. पुढचे दोन्ही नवे घ्या, आणि मागचेही तितकेच जुने असतील तर तेही बदला. एवढ्यावर समाधान असेल त्यांनी इथेच थांबावे. बाकीच्यांना आमच्या घरातला एक सात वर्षांचा वाद थोडा ऐकावा लागेल.

माझी झेन २००० सालची, वडिलांनी घेतलेली. सात वर्षांपूर्वी तिच्या पुढच्या डाव्या बाजूने आवाज येऊ लागला आणि खड्ड्यातून निघाल्यावर बॉनेट दोनतीनदा वरखाली होऊ लागले. मेकॅनिक म्हणाला, "भिया, शॉकर भरवा लो, नए जैसा चलेगा." मी नवे घेण्याच्या विचारात होतो, परंतु त्या दिवशी आमचे मेहुणे घरी आले होते. ते माझ्या पत्नीचे थोरले बंधू, गाड्यांच्या बाबतीत आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, "जावईबापू, शॉकर म्हणजे काय हो? एक नळी आणि तिच्यात तेल. तेल गेलं, तेल घाला. डब्याच्या छापील रंगाचे पैसे कशाला द्यायचे?" मी बँकेतला माणूस, माझ्याकडे उत्तर नव्हते. चारही शॉकर उतरवून एका दुकानात दिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत मिळाले. काळा रंग इतका ताजा होता की बोटाला लागला.

पहिले तीन आठवडे गाडी उत्तम चालली, आणि लोक नेमके इथेच फसतात. भरणारा माणूस पुष्कळदा मुळापेक्षा जाड तेल घालतो. त्यामुळे शॉकर कडक होतो आणि कडकपणालाच आपण नवेपणा समजतो. महिन्याभराने मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याला घेऊन ओंकारेश्वरला निघालो. सिमरोल ओलांडून भैरव घाट सुरू झाला तेव्हा प्रत्येक ब्रेकला गाडी नाक खुपसू लागली, आणि चोरल येईपर्यंत पुढची बाजू एका खाचेनंतर चार झोके घेऊ लागली. डॅशबोर्डवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली होती. त्या बाटलीतले पाणी स्थिर होईपर्यंत पुढचा खड्डा येत होता. (ही बाटलीची युक्ती मी तेव्हापासून कायम वापरतो. धड शॉकर असेल तर गाडी एकदा वर येऊन बसते आणि पाणीही तिच्याबरोबर लवकर निवते.) परतीच्या वाटेवर बडवाहला चहाला थांबलो, तेव्हा डाव्या चाकाच्या आतली बाजू ओली दिसली. शॉकरच्या अंगावर वेल्डिंगचा एक वाटाण्याएवढा ठिपका होता आणि त्याच्या कडेतून तेलाची बारीक काळी रेघ खाली उतरली होती. तिथून इंदूरपर्यंत तीसच्या वेगाने आलो. आत्याने पायांशी नर्मदेच्या पाण्याचा कॅन धरला होता आणि त्याचे झाकण हिसक्यांनी निघाले. घरी उतरताना ती एवढेच म्हणाली, "नर्मदामाईला पाय लागू नये म्हणून मी अंग चोरून बसले, तर तीच माझ्या पायांवर आली."

त्या रविवारी मी रामबागेतल्या आमच्या अंगणात तो शॉकर हॅक्सॉने कापला. परात खाली ठेवली होती. बाहेरच्या नळीच्या आत दुसरी नळी असते, आतल्या नळीत दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो, पिस्टनवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत असते आणि तळाशी आणखी एक झडप असते. तेल कमीजास्त होणे ही शॉकरची दुय्यम गोष्ट आहे. ते किती अडखळत वाहील हे या चकत्या ठरवतात, आणि त्या अडखळण्यातच गाडीच्या झोक्याची उष्णता होऊन जाते. माझ्या शॉकरमधली तळाची चकती तडकलेली होती. आतल्या नळीवर नख फिरवले तर ओरखडा लागत होता. परातीत जे तेल निघाले त्याला जॅकच्या तेलासारखा वास होता. म्हणजे दुकानदाराने बाहेरच्या नळीला भोक पाडले, जुने तेल काढले, हाताला येईल ते नवे घातले, भोक वेल्डिंगने बुजवले आणि वर रंग दिला. झिजलेल्या गोष्टींपैकी एकीलाही त्याने हात लावला नाही, आणि लावता आलाही नसता, कारण हा शॉकर उघडण्यासाठी बनवलेलाच नाही. मूळ शॉकर गॅसचा असेल तर भोक पाडताक्षणी त्यातला नायट्रोजनही जातो. तो परत कोणी भरत नाही.

मी परात मेहुण्यांसमोर ठेवली. त्यांनी तेलात बोट बुडवून दोन बोटांत चोळले आणि म्हणाले, "तेल चुकीचं घातलं त्याने." वाद तिथेच राहिला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या मॉडेलचे उत्पादन २००६ मध्ये थांबले, तरी तिचे शॉकर मिळतात. मोटारीचे कारखाने शॉकर बहुधा स्वतः बनवीत नाहीत. गॅब्रिएल, मुंजाल शोवा यांच्यासारख्या बाहेरच्या उत्पादकांकडून घेतात, आणि तोच उत्पादक आपल्या नावाच्या डब्यातही माल विकतो. म्हणून "कंपनीचाच पाहिजे" हा हट्ट मला अर्धवट वाटतो. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून हा धंदा करते आणि तिचा एक कारखाना आपल्या शेजारी देवासला आहे. परंतु म्हणून देवासला जाऊन काही स्वस्त मिळत नाही, हे मी जाऊन पाहिले आहे. सियागंज आणि छोटी ग्वालटोली या भागांत पार्टची दुकाने आहेत, तिथे दोनतीन ठिकाणी फिरा. गाडीचे फक्त नाव सांगू नका. साल, इंजिन आणि जुन्या शॉकरवरचा नंबर सांगा. झेन प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या इंजिनासह डिझेलमध्येही आली होती, आणि पुढचे वजन बदलले की पुढचा शॉकर तोच चालेल असे गृहीत धरता येत नाही. पुढचा डावा आणि उजवा वेगळे असतात, कारण ब्रेकचा होज अडकवायचा कान उलट बाजूला असतो. गडबडीत दोन डावे घेऊन घरी आलेला माणूस मी पाहिला आहे. तो मीच होतो.

डबा उघडूनच घ्या. डब्यावर उत्पादकाचा पत्ता, किरकोळ किंमत आणि महिना-वर्ष छापलेले असायला हवे, आणि तोच पार्ट नंबर शॉकरच्या अंगावर असायला हवा. दांड्यावरचा क्रोम आरशासारखा हवा. त्यावर पकडीचा एक ओरखडा असला तरी तो सील फाडतो. अंगावर वेल्डिंगचा वाटाणा दिसला तर भरलेला माल नव्या डब्यात घातला आहे असे समजून दुकानातून बाहेर पडा. दांडा दाबून सोडला की गॅसचा शॉकर आपोआप हळूहळू वर येतो, तेलाचा जिथल्या तिथे राहतो. दुकानदाराने गॅसचा म्हणून तेलाचा दिला आहे का, हे तिथेच कळते. ऑनलाइन मागवण्यात मला एवढीच अडचण दिसते की हे सगळे डबा घरी आल्यावर कळते. परत घेण्याची सोय आणि पक्के बिल असेल तर खुशाल मागवा.

गॅसचे की तेलाचे, यावर लोक तासन्तास बोलतात. खराब रस्त्यावर तेल तापते, त्याला फेस येतो आणि फेसाला अडखळणे माहीत नसते. थोड्या दाबाचा नायट्रोजन तो फेस धरू देत नाही. फरक एवढाच आहे. गाडीला मुळात जो होता तो घ्या, आणि घाटातून वरचेवर जात असाल व मुळात तेलाचा असेल तर गॅसचा घेऊन थोडा कडकपणा सोसा. एक चाक गॅसचे आणि दुसरे तेलाचे मात्र कधीही करू नका.

शॉकरबरोबर वरचे माउंट, त्याचे बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धुळीचे रबरी आवरणही नवे घ्या, कारण तेवढ्यासाठी पुन्हा तीच मजुरी द्यावी लागते. बसवण्याआधी शॉकर उभा धरून पाचसहा वेळा पूर्ण दाबून सोडायला सांगा. आडवा पडून राहिलेल्या शॉकरच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. मागच्या शॉकरच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, जॅकवर लटकत असताना नाही, नाहीतर बुश पिळलेल्या स्थितीत बसतो आणि लवकर फाटतो. स्प्रिंग दाबायचे शिकंजे नीट नसतील त्या गॅरेजमध्ये पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकरची एकत्र जोडणी, उघडू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. काम झाल्यावर अलाइनमेंट करावेच लागते.

हे आधी सांगायला हवे होते: तुमची खडखड शॉकरचीच आहे, असे समजू नका. पुष्कळदा ती माउंटची, लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशाची किंवा बॉल जॉइंटची असते, आणि ते बदलले की शॉकर आणखी दोन वर्षे चालतो. शॉकरवर धूळ चिकटलेला किंचित ओलावा म्हणजे गळती नव्हे. तेल ओघळून खाली आलेले असेल तर ती गळती. आणि गाडी पुढून बसली असेल तर तो दोष स्प्रिंगचा आहे, नव्या शॉकरने ती वर येणार नाही. माझ्यासारखे कापून पाहायची इच्छा झाली तर तो शॉकर गॅसचा नाही याची आधी खात्री करा. माझ्या शॉकरमध्ये गॅस असलाच तर तो तेल भरणाऱ्याने आधीच घालवला होता म्हणून मी वाचलो.

मेहुण्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला गेल्या दिवाळीत कळली, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. त्यांच्या वडिलांकडे मॉरिस मायनर होती. त्या गाडीचे शॉकर नळीसारखे नसत; चेसिसला बसवलेली एक ओतीव पेटी, तिला बाहेर निघालेला लिव्हर, आणि पेटीच्या माथ्यावर तेल घालायचे बूच. दहाव्या वर्षापासून दर काही महिन्यांनी बूच उघडून तेल घालायचे काम त्यांच्याकडे होते. त्या गाडीपुरते त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तुमच्याकडे तसली गाडी असेल, किंवा जिचा नवा शॉकर कुठेच मिळत नाही अशी असेल, तर सील आणि झडपा बदलून देणारा कारागीर शोधून भरून घ्या. झेनसाठी मी हे ऐकणार नाही. मी त्यांना तसे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तेल घालायचं असतं, हे मान्य ना?"